विश्लेषण : वैनगंगेवर पॅडलबोर्डिंग होऊ शकेल का? संथ दिसणाऱ्या पाण्याचा हिशेब कसा मांडायचा?

फळीवर उभे राहून एकच लांब वल्हे मारत शांत पाण्यावरून जाणारे पर्यटक आता मोबाइलवर रोज दिसतात. कधी गोव्याच्या खाडीतले, कधी परदेशातल्या एखाद्या जुन्या शहराच्या नदीतले. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या तरुणांच्या मोबाइलवरही ते पोहोचले आहेत आणि सोबत एक साधा प्रश्नही आला आहे : हे आपल्या वैनगंगेवर का होऊ नये? पात्र रुंद आहे, हिवाळ्यात पाणी आरशासारखे असते आणि काठावर इतिहासही भरपूर आहे. वर गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनासाठी सुमारे १०० कोटी रुपयांचा प्रकल्प राज्य सरकारने मंजूर केला आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नदीच्या पृष्ठभागावर मिळत नाही. ते वरच्या धरणाच्या दरवाजांत, पात्रातल्या रेतीच्या खड्ड्यांत आणि पायाला बांधलेल्या एका दोरीत दडलेले आहे.

पॅडलबोर्डिंग म्हणजे नेमके काय?

साधारण १० ते ११ फूट लांब, ३० ते ३४ इंच रुंद आणि पाच-सहा इंच जाड अशी एक तरंगती फळी, तिच्यावर उभा माणूस आणि त्याच्या हातात स्वतःच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त लांबीचे वल्हे. एवढाच हा सरंजाम. इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला ‘सप’ म्हणतात. सर्फिंगला लाट लागते, कयाकला बसायची खोबण लागते. याला दोन्ही लागत नाही. म्हणूनच समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातही तो रुजू शकतो.

फळी दोन प्रकारची असते. एक कडक, फायबरची. दुसरी हवा भरायची. हवेच्या फळीत वरचा आणि खालचा थर आतून हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेला असतो. त्यामुळे पंपाने १२ ते १५ पीएसआय दाब दिला की ती ट्यूबसारखी फुगत नाही, लाकडाच्या पाटासारखी ताठ होते. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ही फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावते, एसटीतूनही नेता येते. २५०-३०० लिटर आकारमानाची फळी ८०-९० किलोच्या माणसाला सहज पेलते. बुडण्याचा धोका फळीला नसतोच. धोका असतो तो फळीपासून सुटलेल्या माणसाला.

हा खेळ आला कुठून?

आजचे रूप हवाई बेटांचे. वायकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात सर्फिंग शिकवणारे काही जण मोठ्या फळीवर उभे राहून वल्हे मारत आणि विद्यार्थ्यांवर नजर ठेवत. २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फपटूंनी त्याला पुन्हा उजेडात आणले. पुढे तो इतका पसरला, की त्याच्यावर हक्क कुणाचा याचे भांडण सर्फिंग आणि कनूइंग या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये लागले. ऑगस्ट २०२० मध्ये क्रीडा लवादाने ऑलिम्पिक पातळीवरचा कारभार सर्फिंग संघटनेकडे दिला. भारतात मार्च २०२४ मध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लू किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. नदीपुरते बोलायचे तर शिल्पिका गौतम हिने २०१६-१७ मध्ये सुमारे शंभर दिवसांत गंगा उभ्या फळीवरून सागरापर्यंत गाठली होती. नदीतला कचरा आणि पाण्याचा प्रश्न लोकांसमोर आणणे हा तिचा हेतू होता.

मग डोंग्यात उभा राहणारा ढिवर कोण?

हे विचारायलाच हवे. एकाच झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा, त्यात तोल सांभाळून उभा असलेला ढिवर, हातातल्या बांबूने तळाला रेटा देत जाळ्याकडे निघालेला. वैनगंगेच्या काठावर वाढलेल्या कुणालाही हे चित्र नवे नाही. पाण्यावर उभे राहून पुढे जाण्याचे कसब या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला कुणी साहसी खेळ म्हटले नाही, कारण ते पोटासाठी होते.

दोन्हींत फरक आहे, तोही समजून घेण्यासारखा. डोंग्याला कड असते, माणूस पाण्याच्या पातळीच्या जवळपास उभा असतो आणि बांबू तळाला टेकतो. म्हणजे ढिवराला दर ढकलीला खोली कळत जाते. पॅडलबोर्डवाला पाण्याच्या वर उभा असतो. त्याचे वल्हे तळापर्यंत जात नाही आणि खाली दोन फूट पाणी आहे की वीस फूट, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ढिवरांना ठाऊक असलेला नदीचा नकाशा त्याच्याकडे नाही. कुठे डोह आहे, कुठे खडकाचा पट्टा, कुठे यंदा रेती उपसल्याने खड्डा पडलाय, हे बांबूच्या टोकाला कळते. मोबाइलच्या नकाशात ते नसते.

वैनगंगेला ‘ऐतिहासिक’ का म्हणायचे?

ही नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावाजवळ उगम पावते आणि भंडाऱ्यातून खाली येत चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा आखत दक्षिणेला जाते. चपराळ्याजवळ वर्धा तिला मिळते आणि पुढे दोघींची मिळून प्राणहिता होते. वाकाटकांच्या ताम्रपटांत येणारी ‘बेण्णा’ म्हणजे हीच नदी, असे अभ्यासक मानतात.

भंडारा आणि नागपूरच्या सीमेवर अंभोऱ्याला कन्हान, आम, मुरझा या नद्या तिला भेटतात. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असे एक मत आहे (अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही, तो वाद जुना आहे). त्याच ठिकाणी आता केबलवर तोललेला पूल आणि त्यावर उंच प्रेक्षागॅलरी उभी राहिली आहे. खाली पवनी. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप सापडला. पवनीपासून फार दूर नसलेल्या, पण नागभीड तालुक्यात येणाऱ्या देवटेक गावी ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आहे आणि त्यात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. आजच्या वाघ-माणूस संघर्षाच्या प्रदेशात अडीच हजार वर्षांकडे झुकलेला तो दगड जरा अस्वस्थ करतो. पलीकडे आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला. ‘आईन-ए-अकबरी’त त्याचा उल्लेख हिऱ्याच्या खाणीसाठी आहे. आणखी खाली चामोर्शी तालुक्यात मार्कंडा, जिथे नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि काठावर कोरीव मंदिरांचा समूह उभा आहे.

म्हणजे एखाद्याने पवनीपासून मार्कंड्यापर्यंत पाण्यावरून प्रवास केला, तर दोन हजार वर्षे काठाने सोबत चालतील. मोह होणारच.

नदी खरेच संथ आहे का?

डिसेंबरात ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे जाताना पुलावरून खाली पाहिले तर उत्तर ‘हो’ असेच येते. पात्र रुंद, उतार कमी, पाण्यावर सुरकुतीही नाही. पण ही नदी आता नुसती नदी राहिलेली नाही. ती वरून खालपर्यंत दरवाजांनी नियंत्रित केलेली आहे. सिवनीत संजय सरोवर, गोंदियाकडे धापेवाडा, भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात गोसीखुर्द आणि खाली चामोर्शीजवळ चिचडोह बंधारा. यात ब्रह्मपुरीच्या दृष्टीने निर्णायक गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाला ३३ दरवाजे आहेत.

पावसाळ्यात बातमी येते : ‘गोसीखुर्दचे अमुक दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, इतक्या क्युमेकने विसर्ग सुरू.’ एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर पाणी. घराच्या गच्चीवरची १,००० लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. हजार क्युमेक म्हणजे दर सेकंदाला अशा हजार टाक्या. क्युसेकचा आकडा दिसला तर त्याला ३५ ने भागले की क्युमेक मिळतात. दोन्ही शब्द बातम्यांत सरमिसळ होतात आणि आकडा भयंकर वाटतो किंवा उगाच किरकोळ वाटतो.

हे पाणी सोडल्यावर काही तासांत ब्रह्मपुरी तालुक्याच्या काठाला लागते. इथे ऊन पडलेले असते, पाऊस नसतो, आकाश स्वच्छ असते आणि पाणी मात्र चढत असते. कारण पाऊस पडलेला असतो तो बालाघाट-सिवनीत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच झाले. पाऊस थांबलेला असताना ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. वैनगंगेच्या पात्राने चारी बाजूंनी वेढलेले लाडज तर पुरते तुटले होते. त्या गावच्या लोकांना ‘संथ नदी’ हा शब्द सांगून पाहावा.

पावसाळा सोडला तरी प्रवाहाचा हिशेब करावाच लागतो. नवशिका माणूस फळीवर तासाला चार-पाच किलोमीटर जातो. पाणी सेकंदाला एक मीटर सरकत असेल, आणि हा वेग डोळ्याला फारसा जाणवतही नाही, तर ते तासाला ३.६ किलोमीटर होते. म्हणजे जाताना तुम्ही आठ किलोमीटरच्या वेगाने जाता आणि ‘किती छान जमतेय’ असे वाटते. परत फिरलात की तासभर वल्हे मारून जेमतेम किलोमीटरभर पुढे सरकता. त्यात समोरून वारा असेल तर तेवढेही नाही.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. पाण्यात वाळकी काडी किंवा पळसाचे पान टाकावे आणि काठाने त्याच्यासोबत चालावे. रमतगमत चालून पान मागे पडत असेल तर ठीक. त्याला गाठायला भरभर चालावे लागत असेल तर त्या दिवशी फळी पाण्यात घालू नये.

बंधाऱ्याजवळ काय होते?

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे आणि त्यासाठी वेल्समध्ये जावे लागेल. हॅव्हरफोर्डवेस्ट हे तिथले एक जुने, किल्ल्याचे गाव. मधून क्लेडाऊ नदी वाहते. ३० ऑक्टोबर २०२१ च्या सकाळी नऊ जण पॅडलबोर्ड घेऊन तिच्यात उतरले. आदल्या दिवसांच्या पावसाने नदी फुगलेली होती. गावातच एक बुटका बंधारा आहे. त्यावरून खाली गेल्यावर चौघांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात सहलीची तयारी अपुरी असल्याचे, सहभागींना बंधाऱ्याच्या धोक्याची कल्पना नसल्याचे आणि पायाला बांधलेल्या दोऱ्या अशा पाण्यासाठी अयोग्य असल्याचे नोंदवले. सहल नेणाऱ्या कंपनीच्या चालिकेला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली.

बुटका बंधारा इतका घातक का? वरून पडणारे पाणी खाली आपटते, तळाशी जाते आणि काही अंतरावर वर येऊन त्यातले काही पुन्हा बंधाऱ्याकडे मागे फिरते. रहाट फिरावा तसे ते फिरत राहते. त्यात सापडलेली वस्तू, मग तो ओंडका असो की माणूस, पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने अंगावरचे जॅकेटही नेहमीइतके तारत नाही. आणि सर्वात फसवी गोष्ट ही, की वरच्या बाजूने येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही. त्याला दिसते ती पाण्याची एक सरळ, शांत रेघ. ती रेघ आली म्हणजे पुढे पाणी खाली पडते आहे.

आपल्याकडे चिचडोहसारखे मोठे बंधारे आहेत, तसे उपनद्यांवर आणि नाल्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे गावोगावी आहेत. पावसाळ्यात पाणी वरून जाणारे रपटेही आहेत. नियम एकच : बंधारा, रपटा किंवा धरणाचा दरवाजा यांच्या वरच्या बाजूलाही जाऊ नये आणि खालच्याही.

दोरीचे काय? फळीपासून माणूस सुटू नये म्हणून घोट्याला एक दोरी बांधतात. तलावात ती जीव वाचवते, कारण फळी हाच सर्वात मोठा तरंगता आधार असतो आणि वारा तिला क्षणात दूर नेतो. वाहत्या पाण्यात मात्र तीच दोरी एखाद्या खुंटात, पुलाच्या खांबात, बुडालेल्या बाभळीत किंवा जाळ्यात अडकते. माणूस एका बाजूला, फळी दुसऱ्या बाजूला आणि मधे प्रवाहाचा ताण. वाकून घोट्यापर्यंत हात नेणे तेव्हा अशक्य असते. म्हणून वाहत्या नदीत कमरेला, एका झटक्यात सुटणारा पट्टा लावतात. ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त फळीसोबत बहुधा घोट्याचीच दोरी येते. विकणारा हे सांगत नाही.

मग कुठे आणि कधी?

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. विसर्ग थांबलेला असतो, धानाची कापणी उरकत आलेली असते आणि वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू असतो. (रात्रभर नाटक पाहून पहाटे फळीवर चढण्याचा बेत मात्र नको. झोप नसलेल्या माणसाचा तोल आधी जातो.) मार्चनंतर पात्रात रेतीचे पट्टे उघडे पडतात, त्यावर डांगरवाड्या लागतात आणि मधेमधे फक्त डोह उरतात. एप्रिल-मेमध्ये ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सावली नसलेल्या पाण्यावर, खालूनही परावर्तित होणाऱ्या उन्हात तासभर उभे राहणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

नवशिक्यांसाठी नदीपेक्षा तलाव बरा. नागभीड तालुक्यातला घोडाझरी हा इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तलाव, सिंदेवाही-सावलीकडे आसोलामेंढा. प्रवाह नाही, पण म्हणून धोका नाही असे नव्हे. मार्च २०२५ मध्ये घोडाझरीत चिमूर तालुक्यातील पाच तरुण बुडाले. त्याच्या आधीच्या महिन्यात, महाशिवरात्रीला, वैनगंगेत उतरलेल्या चंद्रपूरच्या तीन बहिणींचा मृत्यू झाला. यातल्या कुणाकडे फळी नव्हती, कुणी साहस करायला गेले नव्हते. खोलीचा अंदाज चुकला की पाणी कारण विचारत नाही.

मोठ्या जलाशयात आणखी एक शत्रू आहे, वारा. उभा माणूस म्हणजे शीडच. गोसीखुर्दसारख्या विस्तीर्ण पाण्यावर दुपारी वारा सुटला की फळी काठापासून दूर जाते आणि परतता येत नाही. उपाय दोन. सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जायचे, म्हणजे थकल्यावर वाराच परत आणतो. आणि वारा वाढला की गुडघ्यावर बसायचे, गरज पडली तर पालथे पडून हातांनी पाणी मारायचे. त्यात लाज नाही. बुडीत क्षेत्रातल्या झाडांचे वठलेले बुंधे पाण्याखाली असतात, हेही लक्षात ठेवावे.

पाणी स्वच्छ आहे का, हाही प्रश्न आहे. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. म्हणजे ते गोसीखुर्दच्या जलाशयात येते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची योजना मंजूर आहे. ती पुरी होईपर्यंत जलाशयात पडलात तर तोंड बंद ठेवा आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका.

राहिला वाघ. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ वैनगंगा ओलांडून पलीकडे वडसा वनविभागात जातात, हे वनखात्याला ठाऊक आहे. फळीवर असताना भीती नाही. भीती आहे ती पहाटेच्या अंधारात झुडपी जंगलातून एकट्याने काठावर जाण्याची. सूर्य वर आल्यावर, दोघे-तिघे मिळून जावे.

सुरुवात कशी करायची?

सलग ५० मीटर पोहता येत नसेल तर आधी ते. मग अंगावर मापाचे, पट्टे आवळलेले जीवरक्षक जॅकेट. फळीवर बांधलेले किंवा काठावर ठेवलेले जॅकेट हे जॅकेट नव्हे.

मांडीएवढ्या पाण्यात फळी न्यावी, मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसावे आणि तसेच थोडे फिरावे. मग एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी आणून उभे राहावे. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल, नजर पायांकडे नाही तर समोरच्या काठावर. पायांकडे पाहिले की माणूस पडतो; सायकल शिकताना चाकाकडे पाहणाऱ्याचे होते तेच. वल्ह्याचे पाते थोडे वाकलेले असते. त्याचा कल पुढे, जायच्या दिशेने हवा. बहुतेक जण ते उलटे धरतात, कारण चमच्यासारखे पाणी ओढावे असे मनाला वाटते. पडायची वेळ आली तर फळीपासून बाजूला, अंग पसरून, सपाट पडावे. डोके खाली करून उडी कधीच नाही, कारण खाली खडक आहे की रेती, हे ठाऊक नाही.

आणि जाळी. मासेमारीची जाळी पाण्यात तिरपी लावलेली असतात. वर तरंगणारे भोपळे, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की त्यापासून लांबून वळावे. फळीच्या मागच्या पात्यात जाळे अडकले तर आपण पडतो आणि त्याचे जाळे फाटते. त्याचे नुकसान जास्त आहे.

नियम काय सांगतात?

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतल्या उपक्रमांसाठी आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षा साधने, विमा यांची अपेक्षा त्यात आहे. जलाशय पाटबंधारे खात्याचा असेल तर त्यांची परवानगी, काठ वनजमीन असेल तर वनखात्याची आणि मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे तिची किमान माहिती. स्वतःची फळी घेऊन जाणाऱ्या हौशी माणसाला नोंदणी लागत नाही, पण धरणाच्या भिंतीजवळ जाण्यास कुणालाही मुभा नसते. तेव्हा कुणी पैसे घेऊन नेत असेल तर नोंदणीचा कागद मागावा. फोटो काढून देतो म्हणणाऱ्याकडे तो असेलच असे नाही.

या पाण्यातून कुणाला काय मिळणार?

गोसीखुर्दमुळे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावे बाधित झाली. जिथे आता बोटी फिरवायच्या आहेत तिथे खाली कुणाची शेते, कुणाचा गावठाण, कुणाचे मंदिर आहे. नदीचे डोह बदलले, माशांची ये-जा धरणाने अडली, ढिवरांची मिळकत आटली. पर्यटनातून रोजगार येईल असे सांगितले जाते. तो कुणाला, हे ठरायचे आहे. शहरातून येणारा मार्गदर्शक महिनाभर शिकून प्रमाणपत्र दाखवेल; पण पाण्याचा रंग बदलला की वरून विसर्ग आला हे ओळखणारा माणूस काठावरच्या ढिवर टोल्यातच आहे. जीवरक्षकाचे आणि बचावाचे रीतसर प्रशिक्षण त्याला दिले, तर या नदीवर त्याच्यापेक्षा लायक मार्गदर्शक मिळणार नाही. भरतीच्या अटींत दहावी-बारावीची मेख मारली, तर तो चहाच्या टपरीवर उभा दिसेल.

आणि दुसरी बाजू. २३ जानेवारी २०२४ ची सकाळ. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या महिला नावेने वैनगंगा ओलांडून पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणींचा मृत्यू झाला. महिना जानेवारीचा होता, म्हणजे वर ज्याला आपण पॅडलबोर्डिंगचा उत्तम हंगाम म्हटले तोच. मिरचीतोडीचा हंगामही तोच. पूल दूर असतो, फेरा मोठा पडतो, मजुरी दिवसाची असते, म्हणून नाव.

जलपर्यटनाच्या प्रत्येक आराखड्यात जीवरक्षक जॅकेट, बचाव बोट, प्रशिक्षित कर्मचारी यांची तरतूद असते आणि ती असायलाच हवी. एक साधे जॅकेट हजार-दोन हजारांत येते. नदीच्या ज्या ज्या घाटावरून रोज शाळकरी मुले, मजूर, बाजारकरी नावेने जातात तिथे दहा-पंधरा जॅकेट ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब ग्रामपंचायतीलाही करता येतो. ज्या घाटावर पर्यटकाला जॅकेटशिवाय पाण्यात उतरू दिले जाणार नाही, त्याच घाटावरून मिरची तोडायला जाणारी बाई कशी जाते, हे प्रकल्पाच्या कागदात लिहिलेले असावे. आज ते नसते.

ज्यांना येत्या हिवाळ्यात फळी घेऊन उतरायचेच आहे, त्यांनी आदल्या संध्याकाळी गोसीखुर्दच्या विसर्गाची बातमी पाहावी, केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजाच्या संकेतस्थळावर पवनीची पातळी पाहावी आणि सकाळी घाटावर पोहोचल्यावर पहिल्या डोंगेवाल्याला विचारावे, ‘भाऊ, आज पाणी कसं आहे?’ तो नाही म्हणाला तर हवा न भरता पिशवी परत गाडीत ठेवावी.